चारशेचाच रोल द्या

काळी-पांढरी फिल्म निवडायला बसलेला निसर्गछायाचित्रकार आणि घरच्या लग्नासाठी स्थळं पाहणारं कुटुंब यांच्यात फरक एवढाच, की कुटुंबाला कधीतरी मुहूर्त गाठायचा असतो. छायाचित्रकाराला तसली घाई नसते. कंपनीचं माहितीपत्रक तो पत्रिकेसारखं उलगडतो, त्यातली वक्ररेषा कुठे वाकते आणि कुठे सरळ होते हे ग्रहदशा पाहावी तशा गांभीर्याने पाहतो. मग घराणं विचारतो: इंग्लंडची इलफर्ड, अमेरिकेची कोडॅक, जपानची फुजी की चेक प्रजासत्ताकातली फोमा? ग्रेन बारीक आहे ना, स्वभाव फार कडक नाही ना, उन्हात चटकन जळत नाही ना, अशी चौकशी होते. सगळे गुण जुळले की "बघू, आणखी दोन-चार पाहून ठरवू" असं म्हणून तो उठतो. तोवर बुलढाण्यातल्या ज्ञानगंगेच्या जंगलात पळस फुलून झडूनही गेलेला असतो. माझं म्हणणं साधं आहे. जिल्हा बुलढाणा आणि रोल १२०चा, या दोन गोष्टी ठरल्या असतील तर फिल्म ठरवायला पाच मिनिटं पुरतात. ४०० आयएसओची, जुन्या धाटणीची, चुका पोटात घालणारी फिल्म घ्यावी. म्हणजे इलफर्डची एचपी५ प्लस किंवा कोडॅकची ट्राय-एक्स. वाचलेला वेळ फिल्टर, ट्रायपॉड आणि बर्फ यांच्यावर खर्च करावा. बर्फ कशाला, ते पुढे येईलच.

आधी ग्रेनचं बघू, कारण नव्वद टक्के स्थळं तिथेच मोडतात. मंद फिल्म म्हणजे बारीक ग्रेन आणि वेगवान फिल्म म्हणजे जाडाभरडा, हे खरंच आहे. ते खोटं आहे असं कुणी म्हणतही नाही. पण हा नियम ज्यांच्या तोंडी असतो ते बहुतेक ३५ मिलिमीटरच्या चिमुकल्या निगेटिव्हवर वाढलेले असतात. तिची चौकट २४ बाय ३६ मिलिमीटर. १२०च्या रोलवरची चौकोनी चौकट ५६ बाय ५६. क्षेत्रफळात साडेतीन पटींहून अधिक फरक. भिंतीवर १६ इंची चौकोनी प्रिंट लावायची तर छोटी निगेटिव्ह सतरा पट ताणावी लागते, मोठी सात पटींवर थांबते. म्हणजे ३५ मिलिमीटरवर ज्या ट्राय-एक्सचा दाणा डोळ्यांत भरतो, तीच ट्राय-एक्स १२०वर अंगभर शाल पांघरून शालीन होऊन बसते. आता यावर एक वाजवी आक्षेप येतो: मोठी निगेटिव्ह घेतलीच मुळी बारीकसारीक तपशिलासाठी, मग तिच्यात वेगवान फिल्म घालून तो फायदा घालवायचा का? त्याला उत्तर असं, की तो फायदा जातच नाही, थोडा कमी होतो. आणि प्रिंटला नाक टेकवून ग्रेन मोजणारा प्रेक्षक हा बहुतेक वेळा दुसरा छायाचित्रकारच असतो. तो फोटो पाहायला आलेला नसतो, चूक शोधायला आलेला असतो. त्याला ती मिळाली नाही तर तो खट्टू होऊन परत जाईल. त्यापेक्षा थोडा ग्रेन राहू द्यावा.

'मीडियम फॉरमॅट' या नावाने आज जो दरारा वाटतो तोही थोडा उतरवायला हवा. १२०चा रोल कोडॅकने १९०१ साली आणला तो ब्राउनी नावाच्या खोक्यासाठी, म्हणजे ज्यांना कॅमेऱ्यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी. आपल्याकडे हेच काम अॅग्फा क्लिक थ्रीने केलं. एका रोलमध्ये बारा चौकोनी फोटो, शटरचा वेग एकच, आणि मागच्या लाल खिडकीतून आकडा दिसला की थांबायचं. कित्येक घरांतल्या अल्बमांत विहिरीच्या काठावर उभी असलेली माणसं, बारशातलं बाळ आणि सहलीतला धबधबा याच रोलवर आहेत. रोल कोणता? दुकानदार देईल तो. उटीच्या सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू' मिळाला तर इंदू, पूर्व जर्मनीचा ऑरवो आला असेल तर ऑरवो. पत्रिका पाहायची सोयच नव्हती आणि अल्बम तरीही भरले. इंदूचा कारखाना १९६०च्या दशकात उभा राहिला आणि पुढे आजारी पडून बंद झाला. आज तोच १२०चा रोल परदेशातून येतो, कुरिअरने येतो, आणि येता येता इतका महाग होतो की बारा फोटोंपैकी प्रत्येकाआधी माणूस देवाचं नाव घेतो. निवडीची चिंता वाढली ती फिल्म सुधारल्यामुळे किती आणि महागल्यामुळे किती, हे ज्याचं त्याने ठरवावं.

खरा मुद्दा उजेडाचा आहे, आणि तो हिशेबानेच पटतो. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, ४०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ वर सेकंदाचा चारशेवा भाग पुरतो. हा सगळ्या मीटरांचा आजोबा असलेला नियम. आता लोणारच्या उल्काविवराच्या काठावर उभं राहू. जवळचा बेसाल्टचा दगडही स्पष्ट हवा आणि सुमारे अठराशे मीटर लांबचा पलीकडचा काठही. मीडियम फॉरमॅटच्या ८० मिलिमीटर लेन्सची स्पष्टतेची खोली छोट्या कॅमेऱ्याहून कमी, म्हणून एफ/२२ पर्यंत जावं लागतं. एक स्टॉप गेला, म्हणजे उजेड निम्मा. सेकंदाचा दोनशेवा भाग उरला. समोरच्या धूसर निळसर हवेतून पलीकडचा काठ खेचून आणायला नारिंगी फिल्टर लागतो. दोन स्टॉप गेले, पन्नासावा भाग. दगड काळा, माती काळी, सावल्या त्याहून काळ्या. त्यांच्यात काही दिसायला हवं म्हणून अनुभवी माणूस ४००ची फिल्म २०० समजून वापरतो. आणखी एक स्टॉप, पंचविसावा भाग. म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातल्या भर दुपारच्या उन्हात, ज्या उन्हात गुरंसुद्धा बाभळीखाली जातात, त्या उन्हात 'वेगवान' फिल्मला ट्रायपॉड लागतो. १०० आयएसओची फिल्म याच वाटेने जाऊन सेकंदाच्या सहाव्या भागावर पोचते, आणि ५०ची पॅन एफ तिसऱ्या भागावर. हे सगळं दुपारी. निसर्गछायाचित्रणाची सगळी पुस्तकं एकमुखाने सांगतात, की दुपारी कॅमेरा बाहेर काढू नये.

विवराच्या उतारावरच्या झाडीत शिरलं की हिशेब आणखी गमतीचा होतो. तिथे चार स्टॉप तरी सहज जातात. ४००वर जवळजवळ पाऊण सेकंद, १००वर अडीच सेकंदांच्या वर, ५०वर पाच. सरोवराकडून वारा चढतो तो पाच सेकंद थांबत नाही, आणि पानांना स्थिर राहण्याचं कारणही नाही. शिवाय फिल्मचा एक जुना दोष इथे डोकं वर काढतो: एक्स्पोजर लांबलं की फिल्म आळसावते, मीटर सांगेल त्याहून जास्त वेळ मागते. फोमापॅन १०० यात सगळ्यांत पुढे आहे. मीटरने दहा सेकंद सांगितले तर ती ऐंशी मागते. खिशाला परवडणारी फिल्म म्हणून तिचं कौतुक करणारे बरेच आहेत आणि त्यांचं चूकही नाही. फक्त त्यांनी ते ऐंशी सेकंद संध्याकाळी कमळजा देवीच्या देवळापाशी, डासांच्या संगतीत मोजून बघावेत. मंद फिल्मच्या बाजूने याच ठिकाणी एक भक्कम साक्षीदार उभा राहतो, त्याला नाकारून चालणार नाही. फुजीची अॅक्रॉस टू मीटरच्या दोन मिनिटांपर्यंत काही जास्तीचं मागतच नाही. जुनी अॅक्रॉस २०१८ साली बंद झाली तेव्हा अनेकांनी सुतक पाळलं, २०१९ मध्ये ती नव्या नावाने परतली तेव्हा पेढे वाटले. सूर्य मावळल्यावर, वारा पडल्यावर, आरशासारख्या सरोवराचा दोन मिनिटांचा फोटो घ्यायचा असेल तर अॅक्रॉसच घ्यावी, याबद्दल वाद नाही. पण वर्षातल्या अशा संध्याकाळी बोटांवर मोजण्याइतक्या, आणि पूर्ण रोल तर एखाद्याच संध्याकाळी संपतो. एका संध्याकाळसाठी संपूर्ण संसार मांडायचा का, एवढंच विचारायचं आहे.

"अॅन्सेल अॅडम्सने काय चारशेची फिल्म वापरली का?" हा आक्षेप जरा आवाज चढवून घेतला जातो. अॅडम्स बहुतेक मोठ्या, पत्र्याएवढ्या निगेटिव्हच्या कॅमेऱ्याने काम करी. पण मीडियम फॉरमॅटलाही त्याने कमी लेखलं नाही, हाफ डोम आणि चंद्र यांचं त्याचं १९६० सालचं गाजलेलं चित्र हॅसलब्लाडवर टिपलेलं आहे. पण त्याचं योसेमिटी म्हणजे फिकट ग्रॅनाइट. उन्हात उजेड परतवून टाकणारा दगड. आपला बेसाल्ट उजेड गिळतो. लाव्हारसाच्या थरांवर थर बसून हा दख्खनचा दगड झाला आणि त्यात उल्का येऊन आदळली. बेसाल्टमधलं असं विवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून चंद्राचा अभ्यास करणारे लोक लोणारला येतात. ती उल्का कधी आदळली यावर त्यांचं एकमत नाही. एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतात, दुसऱ्या पद्धतीने पावणेसहा लाख. विद्वानांमध्ये एवढा फरक चालतो, मग फिल्मचा आयएसओ १०० की ४०० हा फरक आपणही पोटात घालावा. तर, काळ्या दगडाला उजेड जास्त द्यावा लागतो आणि फिल्टर व बंद केलेलं अॅपर्चर तो काढून घेतात. अॅडम्सची शिकवण सावलीसाठी एक्स्पोजर द्या अशीच होती. त्याची शिकवण घ्यावी, त्याचा दगड त्याच्याकडे राहू द्यावा.

आता रंग. काळ्या-पांढऱ्या फिल्मची चर्चा करताना रंगाबद्दल बोलणं विसंगत वाटेल, पण खरी निवड तिथेच होते आणि ती फिल्मच्या डब्यावर लिहिलेली नसते. जून २०२० मध्ये लोणारचं एरवी हिरवट असणारं पाणी गुलाबी झालं आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी आपला जिल्हा नकाशावर शोधला. पाणी आटून खारटपणा वाढला, त्यात मीठ आवडणारे सूक्ष्म जीव माजले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी गुलाबी केलं, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत गेलं. समजा, त्या जूनमध्ये एखाद्याने अत्यंत काटेकोरपणे निवडलेली फिल्म, फिल्टर न लावता, वापरली. काय मिळालं असतं? राखाडी. आणि मे महिन्यातल्या हिरव्या पाण्याचा फोटो? तोही राखाडी, जवळजवळ तेवढाच. जिल्ह्याच्या इतिहासातली सगळ्यांत रंगीत बातमी दोन एकसारख्या राखाडी पट्ट्यांत विसर्जित झाली असती, मग ती फिल्म डेल्टा असो, टी-मॅक्स असो की आणखी काही. लाल फिल्टर लावला असता तर गुलाबी पाणी उजळलं असतं आणि काठची झाडी काळवंडली असती. हिरवा लावला असता तर नेमकं उलटं. दोन फोटो, एकच फिल्म, आणि पाण्यात काहीतरी घडलं आहे हे न सांगता कळलं असतं. हाच न्याय पळसाला. केशरी फुलांनी पेटलेलं झाड साध्या फिल्मवर काटक्यांना चिकटलेल्या राखेसारखं दिसतं. लाल फिल्टरने फुलं पांढरी होतात. इलफर्डच्या ऑर्थो फिल्मवर, जिला लाल रंग दिसतच नाही, ती काळी पडतात. म्हणजे फिल्मपुढे ठेवलेल्या काचेने जे होतं ते फिल्म बदलून सहसा होत नाही, आणि ऑर्थोने जे होतं ते ८० आयएसओमध्ये होतं. लाल फिल्टरचे तीन स्टॉप सोसायचे तर मागे कोण उभं आहे ते बघावं. चारशे असेल तर धीर येतो.

"पण निसर्ग रंगीत असताना काळं-पांढरं कशाला?" असाही प्रश्न येतो, आणि तो विचारणारा बहुतेक पावसाळ्यात येऊन गेलेला असतो. श्रावणात अजिंठ्याचे डोंगर हिरवेगार असतात हे मान्य. पण बुलढाण्याचा निसर्ग वर्षाचे सात-आठ महिने स्वतःच काळा-पांढरा असतो: पानं झडलेला साग, काळ्या दगडांचे ओढे, नांगरून ठेवलेली काळी रानं, फिकट सोलपटं निघणारी सालई, आणि वर उन्हाने पांढरं झालेलं आभाळ. या देखाव्याला रंगीत फिल्म लावली तर ती बिचारी तपकिरी रंगाच्या सतरा छटा शोधते आणि दमते.

आता बर्फ. जिल्ह्यात माणसाची ओळख 'घाटावरचा' की 'घाटाखालचा' अशी करून द्यायची पद्धत आहे. तशी ती रोल धुण्यालाही लागू पडते. बुलढाणा शहर घाटावर, त्यामुळे हवा सौम्य. मलकापूर, नांदुरा, शेगाव, खामगाव घाटाखाली, आणि मे महिन्यात तिथे पारा ४४च्या आसपास रेंगाळतो. फिल्म धुण्याची सगळी पत्रकं मात्र २० अंशांची. हे अंश घाटाखालच्या छपरावरच्या टाकीला दिवाळीनंतर कधीतरी भेटतात. आयडी-११ या डेव्हलपरमध्ये एचपी५ प्लस २० अंशांना साडेसात मिनिटं धुवायची. पाणी तापलेलं असेल तर वेळ घटत जातो आणि पाच मिनिटांच्या खाली गेला की आभाळावर पट्टे उमटायला लागतात. म्हणून बर्फ, नाहीतर माठ. वऱ्हाडातल्या कोरड्या हवेत माठ आणि कूलर यांच्यासारखा विश्वासू मित्र नाही. माठातलं पाणी २४-२५ अंशांवर मिळालं तरी गाडी चालते, फक्त वेळेचा तक्ता पुन्हा बघायचा. पण शेवटच्या धुण्याचं पाणीही त्याच बेताचं हवं, आणि एवढं माठातलं पाणी फिल्मच्या डब्यात ओतलं जातंय हे घरात कळलं की पुढचा प्रसंग फिल्मच्या कुठल्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. इथे जुन्या धाटणीच्या फिल्मचा मोठेपणा कळतो. टी-मॅक्ससारख्या नव्या, चपट्या दाण्यांच्या फिल्म ग्रेनला फार बारीक, पण एक-दोन अंशांची किंवा अर्ध्या मिनिटाची चूक त्या मनाला लावून घेतात. एचपी५ला तेवढं मनाला लावून घ्यायची सवय नाही. तिचं घराणं १९३०च्या दशकापासून चालत आलेलं आहे. तिने गरम पाणी, चुकीचे मीटर आणि त्याहून चुकीची माणसं बरीच पाहिलेली असणार.

वेगवान फिल्म म्हटलं की काहींना लगेच वाघ आठवतो. इथे थोडं थांबवावं लागतं. यवतमाळच्या टिपेश्वरमध्ये जन्मलेला, गळ्यात रेडिओ कॉलर घातलेला एक तरुण वाघ २०१९ मध्ये निघाला, तेलंगणातून फिरला, सुमारे तीन हजार किलोमीटर चालून ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. त्याला तिथे मीडियम फॉरमॅटवर टिपायची कल्पना ज्यांच्या मनात येते त्यांनी शांतपणे विचार करावा. ८० मिलिमीटरच्या लेन्सने वाघ पोस्टाच्या तिकिटाएवढा यावा म्हणून त्याच्या किती जवळ जावं लागेल? मग कंबरेशी धरलेल्या काचेत खाली बघायचं, तिथे डावं-उजवं उलटं दिसतं, फोकस हाताने जुळवायचा, फोटो घ्यायचा आणि हँडल फिरवून पुढची चौकट आणायची. असे बारा फोटो झाले की रोल बदलायचा. तीन हजार किलोमीटर चालणाऱ्या वाघाकडे तेवढा संयम असेलही, पण त्याच्यावर विसंबू नये. मीडियम फॉरमॅटचा निसर्ग म्हणजे जागचे न हलणारे प्राणी: झाडं, दगड, डोंगर, पाणी. चारशेची फिल्म यांच्यासाठीच हवी. वारा हलवतो तो यांनाच.

शेवटी मोबाइल. मोबाइलने फोटो काढून एका बोटाने रंग काढून टाकता येतो, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं विचारणाऱ्याशी वाद घालू नये. त्याचं म्हणणं बरोबर आहे. पण १२०चा रोल मागवणाऱ्याने त्या वादात हार मान्य करूनच रोल मागवलेला असतो. त्याला आता फक्त कोणता मागवू एवढंच विचारायचं असतं, आणि त्याचं उत्तर वर देऊन झालं आहे.

तरी तो फोन करून विचारणारच: एचपी५ की ट्राय-एक्स? लोणारच्या दगडांपुढे त्या दोघींत पडणारा फरक धुण्याच्या पाण्यातल्या दोन अंशांपेक्षा कमी आहे. दुकानदाराला डब्यावरची तारीख विचारावी आणि जिची तारीख पुढची असेल ती घ्यावी. दोन्हींची सारखीच निघाली तर स्वस्त असेल ती. भावही सारखाच निघाला, तर दुकानदाराकडे नारिंगी फिल्टर पडून आहे का ते विचारावं आणि रोल एक कमी घ्यावा.